सोडत गावाची, हिशेबही गावाचाच हवा

१९९९ च्या ऑक्टोबरात उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक ट्रायल, म्हणजे उपाय चालतो का हे तुलना करून पाहणारा प्रयोग, सुरू झाली. जवळपास ५०० गावांचे ५२ समूह पाडले गेले आणि सोडत काढून त्यांची चार गटांत वाटणी झाली. एका गटातल्या ३० ते ५९ वयाच्या बायकांची एचपीव्ही, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूसाठी तपासणी करायची, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखावरच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. तिसऱ्यात व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायचं. चौथ्या गटात यातलं काहीच नाही, गावात आरोग्यसेवा म्हणून जे काही चालत आलंय तेच पुढे चालू. बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं हे संयुक्त काम. एकूण बायका १,३१,७४६.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निकाल ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ जणी गेल्या. चौथ्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४. म्हणजे मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. आयुष्यात एकदाच झालेली एचपीव्ही तपासणी एवढं करू शकते, हे जगाला पहिल्यांदा मराठवाड्यातल्या गावांनी दाखवलं.

या ट्रायलचा विषय निघाला की दोन ठरलेल्या प्रतिक्रिया कानावर येतात. एक म्हणते, गरीब बायकांना गिनिपिग केलं. दुसरी म्हणते, सव्वा लाखाहून जास्त बायकांचा पुरावा आहे, आता कसला वाद? दोन्हींमध्ये एक साधी गोष्ट सुटून जाते. इथे कुठल्याही बाईच्या नावाची चिठ्ठी निघालेली नव्हती. चिठ्ठी निघाली ती गावांच्या नावाची. आणि सोडत गावाची असेल, तर मोजणी, परवानगी आणि परतफेडसुद्धा गावाच्याच खात्यावर मांडली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. संशोधकांनी मोजणीचं शिस्तीत बसवलंय. परवानगीच्या बाबतीत अर्ध्या वाटेवर गाडी अडलीय. परतफेडीचं, म्हणजे तुलनेसाठी थांबलेल्या गावांना पुढे तीच तपासणी देण्याचं, मात्र आधी लिहून देण्याची पद्धतच पडलेली नाही.

गावागावांची सोडत का काढायची, हे आधी पाहू. औषधाची गोळी एकाला द्यायची आणि शेजारच्याला नाही, हे जमतं. पण तपासणीचं पथक गावात आलं, शाळेत बायकांची बैठक झाली, कर्करोगाची लक्षणं काय ते सांगितलं गेलं, तर ते एका घरापुरतं राहत नाही. संध्याकाळपर्यंत वाडीवस्तीवर पोहोचतं. लसीचं तर आणखीच वेगळं. कोलकात्याच्या वस्त्यांत टायफॉइडच्या ‘व्हीआय’ लसीची ट्रायल ८० समूहांत झाली. लस घेतलेल्यांना ६१ टक्के संरक्षण मिळालं. पण त्याच समूहांत राहणाऱ्या, लस न घेतलेल्या शेजाऱ्यांनाही ४४ टक्के मिळालं. माणसामाणसांची सोडत काढली असती तर हे शेजारधर्माचं संरक्षण हिशेबात आलंच नसतं, उलट लसीचा गुण कमी दिसला असता.

आणि सोडतच का? कारण सोडत नसेल तर गावं कोण निवडतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. डांबरी रस्त्यावरचं गाव, आमदाराचं गाव, उत्साही सरपंचाचं गाव, ज्या उपकेंद्रातली नर्स खरोखर मुक्कामी राहते ते गाव. अशा गावांत कुठलीही योजना राबवली तरी आकडे छानच येतात. मग तेच आकडे घेऊन योजना राज्यभर पसरवली जाते आणि मेळघाटात किंवा धडगावात तिचं काय झालं, हे विचारायला कुणी जात नाही. सोडतीत गावाचं नशीब वशिल्यापासून मोकळं होतं. एवढ्या एका कारणासाठीही मी तिच्या बाजूने उभा राहीन.

आता मोजणी. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण एकाच पातेल्यातली शंभर शितं चेपली तरी परीक्षा त्या एका पातेल्याचीच होते. एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात. पाणी एक, आशाताई एक, तालुक्याला जाणारी एसटी एक, दुखलंखुपलं तर गाठायचा डॉक्टरही बहुधा एकच. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हा काही गावांत हे प्रमाण इतर गावांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचं पुढे आलं. पिशवी पूर्ण काढलेल्या बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग होणार कुठून? म्हणजे जवळच्या बाजारगावात बसणारा एखादा डॉक्टर अख्ख्या गावाची कर्करोगाची आकडेवारी हलवू शकतो. या साम्याच्या मापाला संख्याशास्त्रात आयसीसी (समूहांतर्गत सहसंबंध) म्हणतात. तो शून्य असेल तर गावातली माणसं एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखी, आणि एक असेल तर सगळी एका साच्यातून काढल्यासारखी. प्रत्यक्षात तो फार लहान असतो, आणि म्हणूनच फसवतो.

उस्मानाबादचे आकडे घेऊन बघा. १,३१,७४६ ला ५२ ने भागलं की एका समूहात सरासरी २,५३४ बायका येतात. आयसीसी समजा फक्त ०.००१ धरला, हजारात एक. समूहातल्या संख्येतून एक वजा करायचा, त्याला आयसीसीने गुणायचं आणि एक मिळवायचा. उत्तर येतं साधारण साडेतीन. याचा अर्थ असा की माहितीच्या दृष्टीने त्या १,३१,७४६ बायका सुमारे ३७,००० स्वतंत्र बायकांइतक्याच भरतात. आयसीसी ०.०१ असेल तर गंमत आणखी पुढे जाते. एका समूहातून कितीही बायका घेतल्या, हजार किंवा पाच हजार, तरी त्या शंभर स्वतंत्र बायकांपेक्षा जास्त माहिती कधीच देत नाहीत. शंभर ही तिथली कमाल मर्यादा.

त्यामुळे ट्रायलची ताकद गावांच्या संख्येत असते, डोक्यांच्या नाही. पण खर्चाचं गणित नेमकं उलटं चालतं. जीप एकदा गावात पोहोचली की आणखी दोनशे बायका तपासणं स्वस्त. नवं गाव जोडायचं तर नवा रस्ता, नवी परवानगी, नव्याने ओळखीपाळखी. म्हणून अंदाजपत्रक आवळलं की गावं कमी होतात आणि गावागणिक माणसं वाढतात. कागदावर आकडा लाखातच राहतो. निधी देणाऱ्यांना तो आवडतो, वर्तमानपत्रांनाही. अमेरिकेतले संख्याशास्त्रज्ञ जेरोम कॉर्नफील्ड यांनी १९७८ मध्येच बजावलं होतं की सोडत समूहांची काढायची आणि विश्लेषण मात्र सुट्या माणसांची सोडत असल्यासारखं करायचं, हा स्वतःलाच फसवण्याचा उद्योग आहे. २००४ पासून अशा ट्रायल्सचा अहवाल कसा लिहावा याचे आंतरराष्ट्रीय निकषही आहेत. तरी सभा-परिषदांत पडद्यावर ठळक अक्षरात येते ती माणसांची संख्या.

उत्तर प्रदेशातली ‘देवता’ ही ट्रायल या बाबतीत प्रामाणिक होती. अ जीवनसत्त्व आणि जंतांच्या गोळ्यांनी बालमृत्यू किती कमी होतात हे पाहण्यासाठी दहा लाख मुलं घेतली, पण सोडत ७२ विकासखंडांची (ब्लॉक) होती आणि विश्लेषणही ७२ चंच केलं. अ जीवनसत्त्वाने मृत्यूंत घट दिसली ती ४ टक्क्यांची, आणि तीही योगायोगाच्या मर्यादेतच बसणारी. आधीच्या अभ्यासांवरून अपेक्षा याहून बरीच मोठी होती. प्रत्यक्ष काम २००४ मध्ये संपलं, निकाल छापून यायला २०१३ उजाडलं. ट्रायल चांगली, पण नऊ वर्षं ही काही निकाल कळवायची रीत झाली नाही.

उस्मानाबादच्या संशोधकांनीही विश्लेषणात समूह धरलेच होते. अडचण पुढच्या वाचनात झाली. ५२ समूह चार गटांत वाटल्यावर प्रत्येक गटाच्या वाट्याला उरले १३. तेरा ही सोडतीसाठी लहान संख्या आहे, जास्त जोखमीचे दोन-तीन समूह एकाच बाजूला पडले तर तोल जातो. व्हीआयए गटात चौथ्या गटाच्या मानाने मृत्यूचं गुणोत्तर ०.८६ आलं, पण विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा जिथे असू शकतो तो पट्टा, ०.६० ते १.२५. साध्या भाषेत, व्हीआयएने मृत्यू ४० टक्क्यांनी कमी झाले असतील किंवा २५ टक्क्यांनी वाढले असतील, या ट्रायलवरून ठामपणे सांगता येत नाही. लोकांनी मात्र याचा अर्थ ‘व्हीआयए निकामी’ असा घेतला. तमिळनाडूतल्या दिंडिगल जिल्ह्यात ११४ समूहांच्या ट्रायलमध्ये, परिचारिकांनी एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले होते. तो निकाल २००७ चा. मुंबईच्या वस्त्यांत २० समूहांत दर दोन वर्षांनी केलेल्या व्हीआयएने ३१ टक्के घट दाखवली. निरनिराळ्या हातांनी, निरनिराळ्या वेळापत्रकाने, निरनिराळ्या गावांत केलेली एकच तपासणी. ‘चालते की नाही’ हा प्रश्न एवढा सरळ नसतोच.

गावाच्या सीमाही नकाशावर दिसतात तेवढ्या पक्क्या नसतात. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. नवजात बाळांच्या ट्रायलमध्ये सासरचं गाव एका गटात आणि माहेरचं दुसऱ्या गटात असलं, तर ते बाळ कुणाचं मोजायचं? मराठवाड्यात तर दिवाळीच्या आसपास निम्मं गाव कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातं, ते पाडव्याच्या सुमारास परततं. पाठपुराव्याची फेरी जानेवारीत ठेवली की दाराला कुलूप, आणि रजिस्टरात शेरा ‘संपर्क नाही’. गावाबाहेर असणाऱ्या या बायकाच सर्वांत गरीब आणि सर्वांत जास्त जोखमीच्या. त्यांना वगळून आलेला आकडा कितीही नेटका दिसला तरी तो घरी राहणाऱ्यांचा आकडा. ट्रायलचं वेळापत्रक साखर कारखान्यांच्या गळीत हंगामावर बेतायला हवं. हे लियाँ किंवा जिनिव्हात बसून सुचणार नाही, बार्शीत सुचेल.

परवानगीबद्दल थोडक्यात. समूह ट्रायलच्या नैतिकतेवर २०१२ चं ओटावा निवेदन आहे. गावाच्या वतीने कुणी परवानगी दिली तरी ती माणसाच्या स्वतःच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही, असं ते सांगतं. बरोबरच आहे. पण गावाची परवानगी म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याचं पत्र, ही आपल्याकडची चाल त्याने सुटत नाही. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची कायदेशीर तरतूद आहे. गर्भाशयमुखाच्या तपासणीची ट्रायल मांडण्यासाठी याहून योग्य जागा कुठली? अशा सभा बऱ्याचदा सह्यांपुरत्या होतात, मान्य. तरीही साहेबांच्या टेबलावरच्या पत्रापेक्षा बऱ्या.

क्रम मात्र महत्त्वाचा. आधी सभा, मग सोडत. सोडत आधी झाली आणि आपल्याला काय मिळणार हे गावाला कळलं, तर तपासणीच्या गावात बायका उत्साहाने नाव देतात आणि तुलनेच्या गावात ‘नुसतं नाव लिहून घ्यायला आलेत’ म्हणून दार लावतात. दोन गट मग सुरुवातीपासूनच वेगळे पडतात आणि सोडतीचा सगळा फायदा वाया जातो. सोडत उघड्यावर काढली तर आणखी चांगलं. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसील कचेरीत सगळ्यांसमोर, बहुतेकदा एखाद्या शाळकरी पोराच्या हातून चिठ्ठी काढून होते. हरलेला इच्छुक कपाळाला हात लावतो, पण चिठ्ठीवर सहसा संशय घेत नाही. आरोग्याची सोडत मात्र कुठल्याशा संगणकात निघते आणि गावाला त्याचा पत्ताही नसतो. संगणकात काढायलाही हरकत नाही, फक्त निकाल चावडीवर लावा.

आता परतफेड. अमेरिकेतले डॉक्टर एरिक सुबा यांनी उस्मानाबाद, मुंबई आणि दिंडिगल या तिन्ही ट्रायल्सवर तक्रार केली. तपासणी न केलेल्या गटांत मिळून २५४ बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या, याकडे त्यांनी बोट दाखवलं. मुंबईच्या ट्रायलमध्ये बायकांना संमतीसाठी पुरेशी माहिती मिळाली नव्हती, असा निष्कर्ष अमेरिकेच्या सरकारी देखरेख कार्यालयानेही काढला. संशोधकांचं उत्तर होतं की भारतात त्या काळी नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणं हीच होती, त्यामुळे कुणाचं काही काढून घेतलेलं नाही.

हे उत्तर वस्तुस्थिती म्हणून खोटं नाही. ट्रायल झाली नसती तर त्या ६४ जणी वाचल्या असत्या, असंही म्हणता येत नाही. पण एक फरक उरतो. ट्रायल नसती तर त्या बायका कुणी मोजल्या नसत्या. इथे त्या मोजल्या गेल्या, त्यांच्या मृत्यूमुळेच निकालाला अर्थ आला, आणि तो अर्थ जगाच्या कामी आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पहिली तपासणी म्हणून एचपीव्हीची शिफारस केली, त्यामागच्या पुराव्यात उस्मानाबाद आहे. भारताच्या २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक आराखड्यात तपासणी ठरली व्हीआयए. आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या होत्या १.९ टक्के.

तुलनेच्या गटाला रिकाम्या हाताने बसवलंच पाहिजे, असा विज्ञानाचा काही नियम नाही. कोलकात्याच्या टायफॉइड ट्रायलमध्ये तुलनेच्या समूहांना हिपॅटायटिस ए ची लस दिली होती. तुलनाही झाली, आणि लोकांना उपयोगाचं काहीतरी मिळालंही. गॅम्बियात १९८६ पासून हिपॅटायटिस बी ची लस चार वर्षांत टप्प्याटप्प्याने देशभर नेली. कुठला भाग आधी आणि कुठला नंतर, हे सोडतीने ठरवलं. शेवटी लस सगळीकडे पोहोचली आणि मधल्या काळात तुलनाही साधली. सरकारी योजना तशाही एका दिवसात राज्यभर पोहोचत नाहीत, टप्पे पडतातच. ते सोडतीने पाडायला काय हरकत आहे?

अर्थात टप्प्यांची युक्ती सगळीकडे लागू पडणार नाही. कर्करोगातले मृत्यू दिसायला आठ-दहा वर्षं लागतात, तेवढा टप्पा म्हणजे टप्पा राहतच नाही. तिथे एकच मार्ग आहे. ट्रायल सुरू होण्याआधी तारखेसह लेखी करार करायचा: मधल्या पाहणीत फायदा पक्का दिसला तर किती महिन्यांत तुलनेच्या गावांत तीच तपासणी पोहोचेल, कोण करेल, आणि तिचे पैसे आज कुठल्या खात्यात वेगळे ठेवलेत. क्लिनिकल ट्रायल्सची नोंदणी आपल्याकडे २००९ पासून सक्तीची आहे. त्या अर्जात हा रकाना असावा, आणि तो रिकामा असेल तर नैतिकता समितीने फाइल परत पाठवावी.

करार दोन्ही बाजूंनी बांधतो, हेही सांगायला हवं. २००४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जागतिक बँकेने गावांच्या स्वच्छतेचा एक प्रयोग आखला होता. अहमदनगर, नांदेड आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत प्रत्येकी ६० गावं ठरली. प्रयोग प्रत्यक्षात पार पडला फक्त अहमदनगरात, आणि तिथे मुलांच्या उंचीत सुधारणा दिसली. नांदेड आणि नंदुरबारमध्ये गावं ठरूनही तो आखल्याप्रमाणे राबवलाच गेला नाही. तीनपैकी तुलनेने सधन जिल्हा कुठला, हे वेगळं सांगायला नको. मग तो निकाल नंदुरबारला लागू होतो का? त्या गावांच्या हातात लेखी काही असतं, तर निदान जाब विचारायला कागद तरी असता.

उलट उदाहरण गडचिरोलीचं. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचा प्रयोग ३९ गावांत केला, तुलनेला ४७ गावं होती. सोडत नव्हती, त्यावर शास्त्रीय आक्षेप घेता येतात आणि घेतलेही गेले. पण २०११ पासून तीच पद्धत आशांमार्फत राष्ट्रीय कार्यक्रम झाली. गडचिरोलीतलं ज्ञान आज राज्यातल्या गावोगाव बाळाचं वजन करणाऱ्या आशेच्या झोळीत आहे. उस्मानाबादची सोडत काटेकोर होती, निकालही पहिल्या दर्जाच्या नियतकालिकात आला, आणि तपासणी मात्र तिथेच थबकली.

या सगळ्यावर नेहमीचा आक्षेप खर्चाचा असतो. तुलनेच्या तीस हजार बायकांच्या तपासणीचे पैसे आधीच बाजूला ठेवायचे तर ट्रायल परवडणार नाही, निधी देणारे पाठ फिरवतील. म्हणजे आजवर ट्रायल स्वस्त पडत होती ती हा खर्च गावांच्या अंगावर टाकून, असाच याचा अर्थ होत नाही का? आणि पैसे वाचवायचेच असतील तर जागा आहे: गटांची संख्या. चार गटांऐवजी दोनच ठेवले तर त्याच ५२ समूहांतून प्रत्येक गटाला १३ ऐवजी २६ समूह मिळतात, सोडतीचा तोल सुधारतो आणि विश्वासमर्यादा अरुंद होतात. तीन प्रश्नांची अर्धवट उत्तरं मिळण्यापेक्षा एका प्रश्नाचं नीट उत्तर मिळतं. उरलेल्या पैशांत दुसऱ्या गटाला तपासणी कोणत्या वर्षी पोहोचणार, ती तारीख पहिल्याच ग्रामसभेत वाचून दाखवता येते.